खुर्ची बोलली

मित्रांनो, मी एक जुना रबरी भोंगा आहे. मूठभर फुगा, पुढे पितळी कर्णा, दाबलं की 'पों'. माझं सगळं ज्ञान या एका अक्षरात संपतं. पण त्याच अक्षरावर मी एके काळी घराघरांत नाव कमावलं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर म्हणाल, आला मोठा भोंगा जीवनकथा सांगायला.

मला गरम साच्यातून काढलं, गार पाण्यात बुचकळलं आणि सायकलच्या दुकानात टांगलं. एखाद्या तीनचाकीवर बसावं, गल्लीभर हिंडावं, इतकीच माझी इच्छा. पण टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेसाठी सामान जमवणारा एकजण आला, मला वाजवून पाहून खुदकन हसला आणि उचलून घेऊन गेला. स्टुडिओत मला सूत्रसंचालकांच्या टेबलाखाली, बरोबर त्यांच्या गुडघ्याशी, स्क्रूनं आवळलं.

त्या सूत्रसंचालकांना सगळे प्रश्नकाका म्हणत. स्पर्धकाचं उत्तर चुकलं की काका हळूच गुडघा दाबायचे आणि मी 'पों' करायचो. मग काका नाक चिमटीत धरून इकडेतिकडे बघत विचारायचे, "कोण बोललं?" सगळे प्रेक्षक एका सुरात म्हणायचे, "खुर्ची बोलली!" झालं, हशाच हशा. दर आठवड्याला तोच पोरकट विनोद आणि दर आठवड्याला लोक पोट धरून हसणार. शाळांमधले बाकसुद्धा बोलायला लागले होते म्हणे. मी चांगलाच शेफारलो होतो, खोटं कशाला सांगू.

फक्त काकू हसायच्या नाहीत. काकू म्हणजे काकांची बायको. कार्यक्रमाचे सगळे प्रश्न त्याच काढायच्या, जाडजूड पुस्तकं उपसून, एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा पडताळून. कार्यक्रम संपून लोक गेले की त्या टेबलाशी येऊन म्हणायच्या, "इतका छान प्रश्न होता हो. आणि लोक घरी काय घेऊन गेले, तर पादणारी खुर्ची."

"अगं, चुकलेल्या माणसाची लाज झाकते ती," काका म्हणायचे. "लोक खुर्चीला हसतात, त्याला कुठे हसतात?"

"त्याला विचारलंत कधी?"

काका टेबलावरचे कागद आवरायला लागायचे. साऱ्या जगाला हसवलं, पण या बाईच्या ओठाचा कोपरासुद्धा हलत नाही, हे त्यांना फार लागायचं. "तुला एकदा तरी हसवीन आणि मगच डोळे मिटीन," असं ते म्हणायचे. थट्टेत म्हणायचे, पण ती थट्टा नव्हती.

पुढे कार्यक्रम बंद पडला. काकांनी मला स्वतःच्या हातानं सोडवून घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलाखाली बसवलं. पण घरात चुकणार कोण? काकूंचं तर कधीच काही चुकायचं नाही. मी धूळ खात पडलो. माझं रबर तडकायला लागलं.

एका दुपारी जेवताना काकू म्हणाल्या, "अहो, जरा ती किल्ली द्या ना." बोट होतं चमच्याकडे.

काका बघतच राहिले. मग त्यांचा चेहरा असा फुलला म्हणता! गुडघा आला, मी 'पों' केलं. "कोण बोललं?" काकांनी विचारलं. काकू क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "खुर्ची."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. जेवण अर्धवट टाकून त्यांनी लेकीला फोन लावला. "ऐक, तुझी आई चक्क विनोद करायला लागली. उशिरा का होईना, पटला तिला."

मग हे रोजचंच झालं. काकू पंख्याला खिडकी म्हणायच्या, दुधाला साबण म्हणायच्या. माझं 'पों' व्हायचं आणि त्या म्हणायच्या, "खुर्ची." काका खूश, मीही खूश. पण मी टेबलाखाली होतो, मित्रांनो. काकूंचे हात मला दिसायचे. 'खुर्ची' म्हणायच्या आधी त्या मांडीवरचा रुमाल असा पिळायच्या की बोटं पांढरी पडायची. मला हळूहळू उमगलं. पण मी काय सांगणार, कपाळ?

लेक राहायला आली. पहिल्याच जेवणाला काकू तिच्याकडे बघून अदबीनं म्हणाल्या, "ताई, तुम्ही संकोच करू नका हं. पोटभर जेवा."

काकांनी हसत हसत गुडघा दाबला. माझं 'पों' झालं. काकू म्हणाल्या, "खुर्ची."

लेक हसली नाही. "बाबा, हे कधीपासून चाललंय?"

"अगं, गंमत करते ती."

"आई गंमत करत नाहीये, बाबा."

लेकीनं हातातला घास ताटात ठेवला. मग काकूच म्हणाल्या, "मला शब्द सापडत नाहीत गं. पण हे इतके खूश होते. कसं सांगायचं?"

डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. ते समजुतीनंच म्हणाले, पण काका त्यानंतर पाय खुर्चीखाली ओढून जेवायला बसू लागले. गुडघा मला लागू नये म्हणून. शेवटी त्यांनी मला काढून खणात टाकलं.

काकूंचे शब्द गेले, मग माणसांची ओळखही गेली. एक दिवस खण उघडून काहीतरी शोधताना त्यांच्या हाताला मी लागलो. त्यांनी मला दाबलं आणि त्या हसल्या. मान मागे टाकून, लहान मुलीसारख्या खळखळून हसल्या. मग मला काकांच्या मांडीवर ठेवून वाट बघत उभ्या राहिल्या. काकांनी दाबलं. त्या पुन्हा हसल्या. काका दाबत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"बाबा, आई हसतेय," लेक दारातून म्हणाली.

"हसतेय गं," काका म्हणाले. "पण विनोद बरा होता का, हे आता कुणाला विचारू?"

जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू. माझ्या चिरेतून हवा जाते, जाऊ दे. पण तुमच्या घरात कधीच न चुकणारं माणूस चुकायला लागलं, तर हसण्याआधी त्याच्या शेजारी बसा आणि काय होतंय ते विचारा. मला सगळं दिसत होतं, मित्रांनो, पण 'पों'शिवाय काही म्हणता येत नव्हतं. तुम्हाला येतं.