कॅन्यनचा थांबा

जयप्रकाशरावांनी सीटबेल्ट लावला, आरसा रुमालाने पुसला आणि हँडब्रेक सोडला. शेजारी बसलेल्या सुनेने, श्रुतीने, तो परत ओढला.

"राहू दे," ते म्हणाले. "चढावर बरा असतो."

बेस्ट गावात चढ नाही. आख्ख्या नेदरलँड्समध्ये चढ हवा असेल तर एखादा पूल गाठावा लागतो. ही कॅम्पर व्हॅन शेजारच्या विमच्या अंगणात झुडपांकडे तोंड करून मार्चपासून उभी होती. विम दर वसंतात ती घेऊन स्पेनला जायचा. यंदा स्पेनने दार लावून घेतलं.

जयप्रकाशरावांची अमेरिकाही तशीच हुकली होती. फेब्रुवारीत ते आणि कुमुदिनीबाई मुलाकडे आले, ते मे महिन्यात चौघांनी मिळून ॲरिझोनाच्या वाळवंटात अशीच घरासारखी गाडी घेऊन हिंडायचं, हे ठरवूनच. मग करोना आला आणि विमानं बंद झाली. पुढे जायचीही आणि मागे जायचीही. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस अशा देशात अडकला, जिथे डोंगर नाही, दरी नाही आणि जमीनसुद्धा बरीचशी माणसांनी घरी केलेली.

आज सकाळी पोहे खाताखाता त्यांनी जाहीर केलं, "निघायचं. विमला विचारलंय. तो म्हणाला, नुसतं डिझेल जाळू नका."

"बाबा, गाडी तर उभीच राहणार ना?" रुचिरने विचारलं.

"मग डिझेल कसं जळेल?"

यावर वाद घालायला जागा नव्हती. अमेरिकेसाठी रुचिर-श्रुतीने टाकलेली रजा मागे घ्यायची राहून गेली होती, त्यामुळे कामाची सबबही नव्हती.

श्रुतीची खरी अडचण तीच होती. गेले दोन महिने हा कॅम्पर तिचं ऑफिस होता. घरात झोपायच्या खोलीत रुचिरच्या मीटिंगा, हॉलमध्ये मालिका, स्वयंपाकघरात कुकर. विमने आपणहून किल्ली दिली होती. इथेच बसून तिने मागच्या आठवड्यात ऐकलं होतं, की तिचं कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर संपेल आणि पुढे वाढणार नाही. ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. घरात बातमी ठेवायला जागा नव्हती. सासूबाईंना कळलं की तासाभरात पुण्यातल्या मावशींना कळणार, आणि मग दिवसभर फोनवर सगळे तिला धीर देणार. नोकरी जाणं एक वेळ परवडलं, धीर परवडला नसता.

आज दोन वाजता नायमेखन शहरातल्या एका कॉम्प्युटर-चिपच्या कंपनीबरोबर तिचा इंटरव्ह्यू होता. इथेच, या टेबलावर. रजेच्या दिवशी मीटिंग कसली, असं कोणी विचारलं असतं, तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून ती पायजम्यावर ब्लेझर चढवून, लॅपटॉप मांडीवर घेऊन नेव्हिगेटरच्या जागेवर बसली होती, आणि एकचा सुमार झाला होता.

"वाळवंटात कोट कशाला गं?" मागून कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"वाळवंटात थंडी पडते," जयप्रकाशराव परस्पर म्हणाले. "पाचवीच्या पुस्तकात आहे."

त्यांनी उजवा इंडिकेटर दिला. किल्ली फिरवलेली नसल्यामुळे तो लागेना, म्हणून त्यांनी तोंडाने टिकटिक केली. स्टिअरिंग चार बोटं वळलं. गाडी वाळवंटात शिरली.

"डावीकडे लाल खडक. उजवीकडे निवडुंग. रुचिर, निवडुंग बघ."

"ते विमचं कपडे वाळत घालायचं स्टँड आहे, बाबा."

"लांबून तसंच दिसतं."

विम स्वतः सायकलवरून आला, नियमाप्रमाणे दीड मीटर लांब थांबला आणि गंभीर चेहऱ्याने हात हलवला. जयप्रकाशरावांनी खिडकीतून हात काढून त्याला ओव्हरटेक करायची परवानगी दिली. विम ओव्हरटेक करून आपल्या घरात गेला.

अर्ध्या तासात कुमुदिनीबाईंना गाडी लागली.

"अहो, जरा हळू. मळमळतंय मला."

"आई, गाडी उभी आहे," रुचिर म्हणाला.

"तू गप्प बस. घाटात मला नेहमीच होतं." त्यांनी पिशवीतून आवळासुपारी काढली, चौघांना वाटली आणि डोळे मिटून घेतले.

श्रुतीने घड्याळ पाहिलं. दीड वाजून गेला होता. तिने सहज बोलावं तसं म्हटलं, "बाबा, घरी जाऊन जेवून यायचं का? मी थांबते इथे."

"गाडी चालू असताना कोणी जागा सोडायची नाही."

"मी फक्त म्हणत होते..."

"आणि जेवण बरोबर आहे. कुमुद, डबे."

दशम्या निघाल्या, शेंगदाण्याची चटणी निघाली. त्या एवढ्याशा गाडीत चौघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. काचा वाफेने धुरकटल्या. श्रुतीचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. या घरात, या गावात, या देशात जिथे जावं तिथे कोणाचा तरी गुडघा लागतो, असं तिला वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं, कारण आत्ता लागत होता तो सासूबाईंचा, आणि त्या तिला दुसरी दशमी वाढत होत्या.

दोनला दहा मिनिटं असताना जयप्रकाशरावांनी करकचून ब्रेक दाबला.

"कॅन्यन आलं. उतरा."

"कॅन्यन चौथ्या दिवशी होतं ना?" रुचिर म्हणाला. "तुम्हीच आखलं होतंत. आज फक्त लाल खडक."

"बदल केलाय. छत्री घे."

"आणि श्रुती?"

"गाडीत सामान आहे. परक्या मुलखात एक माणूस गाडीत लागतं."

श्रुतीने त्यांच्याकडे पाहिलं. ते सीटबेल्ट काढण्यात गुंतले होते. उतरताना त्यांनी दार बाहेरून हलकेच लावलं, कडी बसल्याची खात्री केली आणि जाताजाता काचेवर एकदा टिचकी मारली.

नायमेखनची बाई पडद्यावर आली तेव्हा श्रुतीच्या बोटाला चटणी होती. बाई हसून म्हणाली, "तुम्ही प्रवासात आहात? सध्या कुठे जायची परवानगी आहे?"

"नाही," श्रुती म्हणाली. "उभीच आहे."

प्रश्न सुरू झाले. बाईच्या खांद्यापलीकडे एक रिकामं ऑफिस दिसत होतं, आणि श्रुतीला खिडकीतून दिसत होता रस्त्यापलीकडचा पावसाच्या पाण्याचा चर. दोन हात रुंद, जेमतेम गुडघाभर खोल, कडेला बदकं. त्याच्या काठावर तिघं ओळीत उभी होती. जयप्रकाशराव हात लांबवून काहीतरी समजावत होते. कुमुदिनीबाई वाकून खाली पाहत होत्या. रुचिर दोनदा कॅम्परकडे वळला, आणि दोन्ही वेळा वडिलांनी त्याचा दंड धरून त्याला दरीकडे तोंड करून उभं केलं.

मग पाऊस आला. डच पाऊस, आडवा. कुमुदिनीबाई परत फिरल्या. वाऱ्याबरोबर जयप्रकाशरावांचा वर्गातला आवाज कॅम्परपर्यंत आला, "वाळवंटात पाऊस बघायला नशीब लागतं!"

"मेलं नशीब! माझी साडी भिजली!"

"खोली बघ, कुमुद. खोली!"

छत्री उलटली. तरी कोणी हललं नाही.

"शेवटचं," बाई म्हणाली. "पुढे सगळं उघडल्यावर आठवड्यातून तीन दिवस इथे यावं लागेल. जमेल? घरी काही अडचण?"

श्रुती काठावरच्या त्या ओल्या ओळीकडे पाहत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "घरचे थांबतात."

शुक्रवारी कळवू म्हणून बाई गेली. श्रुतीने लॅपटॉप मिटला, बोटाची चटणी चाटली आणि कॅम्परचं दार उघडून उभी राहिली. तिला पाहिल्याबरोबर जयप्रकाशरावांनी दरी आवरती घेतली.

"चला. बघून झालं."

तिघं निथळत आत आली. कुमुदिनीबाई म्हणाल्या, एवढं लांब येऊन बदकंच बघितली. रुचिर म्हणाला, "झालंय काय बाबांना, कळत नाही." श्रुतीने सासूबाईंच्या खांद्यावर आपला ब्लेझर घातला.

जयप्रकाशराव जागेवर बसले. चष्म्याची ओली काच पुसत, समोरच्या झुडपांकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "या गाडीचे पत्रे फार पातळ आहेत गं. मागच्या आठवड्यात मी तुला चहा घेऊन आलो होतो. बाहेरूनच परत गेलो. आणि आज तुझा तो कोट, ते घड्याळ बघणं."

श्रुतीने हँडब्रेक नीट ओढलेला आहे ना, ते पाहिलं.

"तर," त्यांनी आवाज चढवला, "नेव्हिगेटर, पुढे कुठे?"

"नायमेखन," श्रुती म्हणाली. मग मागे वळून रुचिरकडे पाहून पुन्हा म्हणाली, "नायमेखन. तासाभराचा रस्ता आहे. वाटेत सांगते."

"नायमेखन ॲरिझोनात कुठे आलं?" रुचिरने विचारलं.

"बदल केलाय," जयप्रकाशराव म्हणाले. त्यांनी डावा इंडिकेटर दिला आणि तोंडाने टिकटिक सुरू केली.

"अहो," मागून कुमुदिनीबाई म्हणाल्या, "आधी मागे बघा. गाडी येतेय."