एकशे बाराचे नऊ फॉर्म

“बाई, रक्त कशाला हवंय?” तिने विचारलं, आणि मी पिशवीतून काढलेला फॉर्म तसाच हातात धरून बसले.

चष्म्याच्या दुकानामागची खोली. ती तिथे काचा घासून फ्रेममध्ये बसवते. जेवणाची सुट्टी चालू होती. टेबलावर उघडा डबा, शेजारी काचांचा ट्रे, आणि डब्याखाली दाबून ठेवलेलं आमच्या मॅडमचं पत्र.

“सगळ्यांचं नाही घेणार, सात जणांचंच,” मी म्हटलं. “शेवटचं वर्ष आहे ना. रक्त आणि लघवी. दहा मिनिटांचं काम.”

“त्यात काय कळतं?”

“पिणं किती आहे, गोळ्या आहेत का, ते.”

“आणि काहीच नसेल तर?”

मला उत्तरं देण्याची सवय नाही, मी प्रश्न विचारणारी बाई आहे. माझा धंदाच तो. मॅडम मानसशास्त्रज्ञ. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी पंधरा वर्षांची तीनशे मुलंमुली निवडली आणि सिगारेट, दारू, गोळ्या यांचं त्यांच्या आयुष्यात काय होतं ते दरवर्षी एकदा विचारायचं ठरवलं. ती चोवीस वर्षांची होईपर्यंत. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर. ही एकशे बारा.

नियम एकच, पण कडक. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा आणि चेहरा कोरा ठेवायचा. ‘अरे वा’ नाही, ‘अरेरे’ नाही, ‘बापरे’ तर मुळीच नाही. या कामात माझा हात धरणारं कोणी नाही. बाईंनी आणलेला फॉर्म म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मॅडम नव्या मुलींना सांगतात. घरी नवरा म्हणतो, “तुला काही सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. फरक इतकाच, की भिंत लिहून घेत नाही.”

फॉर्ममध्ये एक उडी आहे. पाचवा प्रश्न: गेल्या वर्षभरात तुम्ही यातलं काही घेतलंत का? ‘नाही’ म्हटलं की थेट एकोणपन्नासावर जायचं, आभार मानायचे आणि उठायचं. ‘हो’ म्हटलं तर मधले सगळे त्रेचाळीस प्रश्न. नाहीवाला आठ मिनिटांत सुटतो, होवाल्याला तास लागतो. पोरं हे दुसऱ्याच वर्षी ओळखतात. कितीतरी जण तोंडाला वास येत असताना माझ्या डोळ्यांत बघून ‘नाही’ म्हणालेत. अशांसाठी शेवटी एक चौकट आहे, ‘उत्तराबद्दल शंका’. ती मी न चुकता भरते.

एकशे बारा मात्र दरवर्षी ‘हो’ म्हणायची.

“काहीच नाहीये, बाई,” ती म्हणाली. “रक्तात काही निघणार नाही. पहिल्या वर्षी एकदा घेतली होती. मैत्रिणीच्या गच्चीवर, दोन घोट. उलटी झाली. नंतर कधीच नाही.”

“पण तू तर…” मी म्हटलं आणि थांबले. आठवड्यातून चार दिवस, एकटीने, कामावरून आल्यावर. हे मीच लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात.

“शेजारच्या काकांचं बघून सांगायचे. किती आणतात, काय बडबडतात. आकडे आदल्या दिवशी पाठ करायचे.” ती हसली, पण नजर डब्यावरच होती. “पहिल्या वर्षी खरंच ‘हो’ होतं ना, तर तुम्ही तासभर बसलात. घरी तेव्हा आई दोन ठिकाणी कामाला जायची, बाबा तर नव्हतेच. तुम्ही विचारलंत, झोप कशी लागते. रडू येतं का. कोणाशी बोलावंसं वाटतं का. मला असं कोणी विचारलंच नव्हतं. मग दुसऱ्या वर्षी तुम्ही आलात, तेव्हा म्हटलं, ‘नाही’ म्हटलं तर ह्या लगेच जातील.”

मी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला. जमला नाही.

“पुढचं खोटं नव्हतं हं,” ती घाईने म्हणाली. “झोपेचं, रडण्याचं, आई आजारी होती तेव्हाचं, सगळं खरं. पिण्याचं तेवढंच खोटं.”

ती म्हणते ते मला पटत होतं. तिच्या तोंडाला कधी वास आला नव्हता. हात थरथरायचे नाहीत, नाहीतर काचा कोण घासू देईल? हे मला दिसत नव्हतं असं नाही. शंकेची चौकट मी तिच्या एकाही फॉर्मवर भरली नव्हती. का, ते तेव्हा मी स्वतःलाही विचारलं नाही.

“तपासणीला नाही म्हणता येतं ना?” तिने विचारलं.

“येतं. फॉर्मवर ‘नकार’ लिहायचं. कारण कोणी विचारत नाही.”

“मग बाकीचं तसंच राहील?”

“राहील.”

झाकली मूठ सव्वा लाखाची. तिचं झाकलं राहील, माझंही. इतर प्रश्नांना नकार चालतो, इथेही चालेल. मी तिला हे असंच म्हणणार होते, तोंडापर्यंत आलंही होतं.

“पण आम्हा सात जणांवरच मॅडम लिहिणार आहेत, असं पत्रात आहे,” ती म्हणाली. “काय लिहिणार?”

मी सांगितलं. भरपूर पिऊनही ज्यांची नोकरी टिकली, घर टिकलं, अशी सात जणं. ती कशामुळे तरली, ते मॅडमना शोधायचं होतं.

तिने डब्याखालचं पत्र काढून त्याची घडी घातली. मग डब्याचं झाकण लावलं.

“म्हणजे एखादीला वाटेल, चार दिवस प्यायलं तरी चालतं. हिचं बघा, हिचं काय बिघडलं?”

“तसं वाटू शकतं.”

“मग ते खोडा, बाई.”

“जुन्या फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. ठेवायचं तर सगळं तसंच. नाहीतर तू लिहून द्यायचंस की मला यातून काढा. मग पहिल्यापासूनचं सगळं जातं. कॉम्प्युटरमधलं आणि कागदही.”

“झोपेचं पण?”

“सगळं.”

तिने चष्म्याच्या पावतीमागे दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि पावती माझ्यापुढे सरकवली. मग हात धुऊन कामाला बसली. सुट्टी संपली होती.

मॅडमनी ती पावती दोनदा वाचली. सगळं सांगायला तिने मला परवानगी दिली होती, म्हणून मी सगळं सांगितलं.

“सातातली एक गेली म्हणजे सहा,” मॅडम म्हणाल्या. “सातही जेमतेमच होते, सहा जणांवर काही सिद्ध होत नाही. दोन वर्षांचं काम गेलं, बाई.”

“हो.”

“तुम्हाला कधीच शंका आली नाही? तुम्हाला?”

माझ्यावर त्या कधी चिडल्या नव्हत्या. आताही चिडल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. चुकून झालं म्हणून सांगता आलं असतं.

“आली होती,” मी म्हटलं. “पण शंका लिहिली असती तर नेहमीसारखा तिचाही नंबर तुम्ही पडताळायला दुसऱ्या मुलीकडे दिला असता. वर्षभर दारं ठोठावते मी. आठ-आठ मिनिटांत बाहेर. तिच्याकडे कोणीतरी माझी वाट बघत असायचं. तो तास मलाही हवा होता.”

मॅडमनी कोरा फॉर्म ओढला आणि पाचव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

“‘नाही’ म्हणणाऱ्यांना आपण झोपेचं विचारलंच नाही, ना?”

“नाही. तिथे उडी आहे.”

“उडी मीच घातली. वेळ वाचावा म्हणून,” त्या म्हणाल्या. मग फॉर्म बाजूला ठेवून कपाटाची किल्ली मला दिली. “लिहून दिलंय तिने. आजच काढा. तुम्हीच काढा.”

एकशे बाराची फाईल अपेक्षेपेक्षा जाड होती. नऊ फॉर्म, प्रत्येकी चौदा पानं. कागद फाडायचं मशीन जिन्याखाली आहे, शिपाईमामांच्या स्टुलाशेजारी. मामांनी बटण दाबून दिलं.

पहिलं पान घालायच्या आधी मी ते वाचलं. वय पंधरा. झोप: दिवा चालू ठेवून. मग पुढची. वय अठरा. कोणाशी बोलता: कोणाशी नाही. वय एकवीस. गेल्या महिन्यात आनंद झाला अशी एक गोष्ट: आई जिना आधाराशिवाय चढली. त्या नऊ वर्षांत या मुलीचं एवढंसुद्धा दुसऱ्या कोणी कुठे लिहून ठेवलं नसेल.

“बाई, गठ्ठाच घाला की,” मामा म्हणाले. “वीस-वीस पानं घेतं ते.”

“असू दे,” मी म्हटलं. “एकेकच घालते.”

मामांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि ते जिन्याच्या पायरीवर बसले.