कानपिळीला गेलेला ट्रायपॉड

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा ज्याच्या डोक्यावर बसतो, ते तीन पायांचं स्टँड. माझ्या तीन पायांपैकी अडीच चालतात. उरलेल्या पायाचा स्क्रू सैल आहे. डोक्यावर भार आला की तो पाय हळूहळू आत सरकतो आणि मी वाकत जातो. लोकांना वाटतं, याच्यावर संस्कार चांगले आहेत.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते सोलापूरच्या नवी पेठेतलं दुकान. तिथून हृषीकेशनं मला घरी आणलं. त्याच्या आईनं, प्रेमलाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "ह्याला तीनच पाय हायेत की रे. चौथा दुकानातच राहिला का काय?"

हृषीकेश लग्नांचे फोटो काढायचा. सात वर्षं मी त्याच्याबरोबर दुसऱ्यांच्या लग्नात उभा राहिलो आणि एकदाही जेवलो नाही. एका लग्नात नवरीचे मामा माझ्यावर रेलून तासभर शेतीविषयी बोलले. स्क्रू तेव्हाच सैल झाला. "उद्या बसवतो," हृषीकेश म्हणाला आणि पायात वर्तमानपत्राची घडी खुपसली. तो उद्या अजून यायचा आहे.

मित्रांनो, लग्नाचे फोटोग्राफर वरातीपुढे उलटे चालतात. सगळं जग पुढे बघून चालतं. हे लोक नवरदेवाकडे बघत मागे मागे जातात, कुठल्याशा विश्वासावर. यंदाच्या एका वरातीत हृषीकेशच्या मागे गटाराला झाकण नव्हतं. पडताना त्यानं कॅमेरा दोन्ही हातांनी वर धरला. कॅमेऱ्याला ओरखडा नाही. नडगीचे दोन तुकडे.

डॉक्टरांनी हाडात सळई घातली आणि दोन महिने पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं. धाकट्या बहिणीचं, उर्वीचं, लग्न पाच आठवड्यांवर होतं. तिकडे उजनीच्या पाण्याकाठी, नवरदेवाच्या गावी. ती शाळेत होती तेव्हापासून हृषीकेश सांगत आला होता, "तुझ्या लग्नाचे फोटो दुसऱ्या कुणाला काढू देणार न्हाई."

खुर्चीत बसून का होईना, फोटो आपणच काढायचे असं ठरवून त्यानं पलंगावरूनच सराव सुरू केला, हात विसरू नये म्हणून. मला उशाशी उभं केलं. खिडकीत कडक भाकरी उभी ठेवली आणि बाजूनं मोबाईलचा उजेड टाकला. भाकरीवरचे फोड असे उठले, की चंद्रावर गेल्यासारखं वाटलं. ताटात शेंगाचटणी पसरून वाळवंट केलं आणि त्यात दोन खारका ठेवल्या. त्या उंट होत्या. स्वतःचा एक्स-रे काचेला चिकटवून त्याच्यामागे उर्वीला उभं केलं; तिच्या गालावरून त्याचं मोडकं हाड गेलं. तो फोटो तिला फार आवडला.

"मानसं भाकरी खात्यात," प्रेमलाबाई म्हणाल्या, "आन् हा तिचा फोटू काढतुया. संध्याकाळी काय खाशील, चंद्र?"

"आई, बाजूला हो की. चंद्रावर तुझी सावली पडतीय."

चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहिला. हाड धरलं नव्हतं. जीपनं दोन तासांचा प्रवास? विषयच नाही. हृषीकेशनं कॅमेऱ्याला झाकण लावलं. चंद्राला मुंग्या लागल्या. कुणी हाकलल्या नाहीत.

शेवटी उर्वीनं तोडगा काढला. "दादा, तू न्हाई तर तुझं स्टँड येईल. त्याच्यावर आईचा फोन लावू. तू हितनं सगळं बघ."

"आणि कानपिळी?"

लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीला नीट सांभाळ, असं बजावायची ती पद्धत. उर्वीनं माझ्यावरच्या मोबाईलच्या चिमट्याकडे पाहिलं. हृषीकेशनंही पाहिलं. त्या महिन्यात तो पहिल्यांदा हसला.

"तेवढा त्याचा पाय बसवून घे गं," तो म्हणाला. स्क्रू आवळायचा पाना त्याच्या पलंगापासून दोन हातांवर, फळीवर होता. दोन हात फार लांब होते. उर्वीच्या हातांवर ओली मेंदी होती. तिनं दोन बोटांच्या टोकांनी स्वतःच्याच लग्नपत्रिकेची घडी केली आणि माझ्या पायात खुपसली.

मांडवात मला पहिल्या रांगेत उभं केलं. फोनमध्ये हृषीकेश होता, नवा सदरा घातलेला, केस विंचरलेला. आंतरपाट धरला गेला, अक्षता वाटल्या गेल्या. पहिल्या मंगलाष्टकाला पत्रिकेची घडी निसटली. मी वाकलो. कुणाला काही वाटलं नाही. लग्नात सगळेच वाकतात. मग मी मागे कलंडलो आणि उताणा पडलो.

फोनला आता फक्त मांडवाचं केशरी कापड दिसत होतं आणि एक पंखा.

"उचला की कुणीतरी!" फोनमधून आवाज आला. "आई! ए दिग्विजय!" दिग्विजय त्याचा मित्र, त्याच्या जागी फोटो काढत होता. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला लागलेला. आणि बँडवाले आपलं काम मन लावून करत होते. शेवटचं मंगलाष्टक झालं तेव्हा अक्षता वर गेल्या आणि आमच्यावर पडल्या. फोनमधला आवाज तोपर्यंत थांबला होता. हृषीकेश नुसता बघत होता. थोड्या वेळानं फोनची बॅटरीही संपली.

कानपिळीच्या वेळी सगळ्यांना माझी आठवण झाली. मला झाडून उभं केलं, काळा पडलेला फोन काढला आणि चिमट्यात नवरदेवाचा, अजिंक्यचा, कान धरला. "आयायाय! मेव्हण्याचा हात लई कडक हाय!" अजिंक्य ओरडला. मांडव हसून हसून लोळला. दिग्विजयनं काढलेला तो फोटो गावभर फिरला. आयुष्यातलं सगळ्यांत मोठं कौतुक मला त्या दिवशी मिळालं.

संध्याकाळी फोन चार्ज झाला आणि उर्वीनं माझ्याशेजारी बसून घरी लावला.

"दादा, सगळं दिसलं ना?"



"दिसलं की. लई गोड दिसत हुतीस."

"हिरवा शालू शोभला का?"

"लई."

अक्षता पडल्या तेव्हा तिच्या अंगावर पिवळी साडी होती. शालू ती नंतर नेसली, फोन बंद पडल्यावर. उर्वीनं फोन कानाशी तसाच धरून ठेवला. 

आता मी सोलापुरात, त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात असतो. त्याचा पाय जुळत आला आहे, पण कॅमेऱ्याचं झाकण त्यानं काढलेलं नाही. माझ्यावर मोजे वाळत असतात. मोज्यांचा भार फार नसतो. तरी मी थोडा थोडा वाकतोच.

मित्रांनो, ज्याच्यावर भार टाकणार आहात, त्याला आदल्या दिवशी एकदा हलवून बघा. पाना दोन हातांवरच असतो. आणि घरात पडून असलेला कुणी "सगळं दिसलं" म्हणाला, तर त्याला साडीचा रंग विचारू नका. उठून त्याच्याकडे जा.