बारा मजल्यांचा डाव

दिग्विजय मालकांच्या हातानं तिसऱ्या मजल्याच्या वर आजवर एक पान गेलेलं न्हाई. हे मी चारचौघांत सांगितलं नसतं, पन त्यांनी डब्यावर स्वतःचं नाव छापलं तवा माजं डोकं फिरलं. आन एकदा फिरलं की ते मलाबी आवरत न्हाई.

पयल्यापासनं सांगते. मी कुपवाडला मिठाईचे डबे करायच्या कारखान्यात हाय. गाव जतकडचं. नवरा धुळा अजून मेंढरामागं असतो, वर्सातलं आठ म्हैनं फिरतीवर, म्हनून हितल्या खोलीत मी एकटीच. छापलेला पुठ्ठा मशीनवर कापून आला की कडंचा जादा भाग हातानं मोडून टाकायचा, हे माजं काम. छपाई बिघडली की आख्खा पुठ्ठा रद्दीत. कुटं जिलेबी निळी झालेली, कुटं एका पेढ्यावर दुसरा पेढा चढलेला. एवडा चांगला पुठ्ठा वाया जातो बघून जीव हळहळायचा.

एका दुपारी मी त्यातनंच पत्त्याएवडी पानं कापली. मधोमध दुमडलं की पान हुबं ऱ्हातं, ती भिंत. तिच्यावर सपाट पान ठेवलं की छत. छतावर परत भिंत, भिंतीवर परत छत. नुसतं एवडंच असतं तर चार दिवसांत कटाळा आला असता, म्हनून छताच्या पानांवर मी स्केचपेननं चित्रं काढली. मेंढरू आलं तर पुढच्यानं एकाच्या जागी दोन भिंती लावायच्या. कुत्रं आलं तर डाव्या हातानं लावायचं. टँकर आला तर पुढच्याचा डाव गेला, कारन आमच्याकडं टँकर दारात आला की हातातलं काम तसंच टाकून पळावं लागतं. आन जो पाडंल त्यानं सगळ्यांचे जेवनाचे डबे घासायचे.

माज्या शेजारी राहीबाई बसती. तिनं पयल्या आठवड्यात पाच येळा डबे घासले. सुले, तुज्या खेळाला आग लाव म्हनायची, आन दुसऱ्या दिवशी भाकरीचा घास तोंडात असतानाच पानं वाट म्हनून मागं लागायची. खोलीवर आलं की मी एकटी खेळायचे. एकटीचा डाव येगळा. काल जेवडे मजले गेले त्याच्या वर आज एक. रागात असले की चौथ्यालाच ढासळायचं, मन थाऱ्यावर असलं की धा-अकरापातूर जायचं. धुळाचा फोन लागला न्हाई की मी पानं काढायची. खरं सांगते, त्या खोलीत मला मानसांपरास ह्या पानांनीच जास्ती सोबत केली.

मालकांनी एकदा दुपारच्या सुट्टीत हे बघितलं. तसा मानूस वाईट न्हाई, वयानं माज्यापेक्षा लहान, पन दुसऱ्याचं चांगलं दिसलं की आपलंच वाटायची खोड. त्यांनी चार पानं मागून नेली. पंधरा दिवसांनी नवाकोरा डबाच घेऊन आले. वर माजं मेंढरू, माजं कुत्रं, माजा टँकर, सगळं रंगीत छापलेलं. आन खाली लिवलेलं, ‘खेळाची कल्पना : दिग्विजय’.

मी म्हनलं, "मालक, ह्यो खेळ मी केला."

ते हसले. "मावशी, पुठ्ठा कुणाचा? मशीन कुणाचं?"

"आवं, पीठ गिरनीत दळलं म्हनून भाकरी गिरनीवाल्यानं केली म्हनायचं व्हय?"

बाया फिदीफिदी हसल्या. मालकांचं तोंड उतरलं. पन त्यांची एक अडचन हुती. पाचगणीला संयोगिता मॅडम म्हनून हैत, त्यांचं खेळन्यांचं मोठं दुकान हाय. पावसाळ्यात फिरायला आलेली मानसं धुक्यापायी हाटेलात अडकून पडत्यात, त्यांना असं कायतरी पायजेच असतं. मॅडमनी सांगितलेलं की बारा मजले हितं माज्यासमोर लावून दाखवा, मग माल ठेवते. आन मालकांचं बारा मजल्यांचं काय हुतं ते मी वर सांगितलंच. म्हनून ते मला म्हनाले की चला, लावून दाखवा, मग नावाचं बघू.

मालकांचं ‘बघू’ मला ठावं हाय. आमच्याकडं पंखा लावायचंबी ते तीन उन्हाळे बघत्यात. तरी मी व्हय म्हनलं. मनाशी पक्कं धरलं की नाव घेतल्याबिगर घाट उतरायचा न्हाई. आजवर माज्या हाताखालनं किती डबे गेले त्याची गनती न्हाई, आन परत्येकावर कुना ना कुना हलवायाचं नाव. एका डब्यावर तरी माजं असावं, एवडंच. कुनी हसंल तर हसू द्या.

निघायच्या आदी मी मालकांना एक गोष्ट बजावली हुती. पुठ्ठ्याला लाकडागत रेघ असती. पान रेघेच्या लांबीनं कापलं तर ताठ ऱ्हातं, आडवं कापलं तर दमट हवेत धनुष्यागत वाकतं. ही पानं हुबी कापा म्हनून दोनदा सांगितलं. आडवी कापली की एका तावात चार पानं जास्ती बसत्यात, म्हनून त्यांनी आडवीच कापली. शिकलेल्या मानसाला कोन शिकवनार.

श्रावनातलं पाचगणी म्हंजे धा हातांवरचं दिसंना. मॅडमच्या दुकानात गेलो तर दार सताड उघडं, धुकं गिऱ्हाइकागत आत येतंय. मी डबा फोडला, पानं टेबलावर काढली. अर्ध्या तासात सगळी छतं पापडागत वाकली. पयला डाव चौथ्या मजल्याला गेला. दुसरा पाचव्याला.

मॅडम सभ्य बाई, पन त्यांनी सरळच इचारलं की इथल्या हवेत उभंच राहत नसेल तर मी विकायचं काय. त्यांचं चुकलं न्हाई. मालक माज्या कानाशी आले आन म्हनाले, राहू द्या मावशी, परत कधीतरी येऊ. परत कधीतरी म्हंजे कवाच न्हाई, एवडं मला कळतं. पन हात आपटून काय हुनार? रागात लावलं की चौथ्यालाच पडतं, हे माज्याबिगर कुनाला म्हाईत.

मी मॅडमना म्हनलं की दार लावा, पंखा बंद करा आन मला अर्धा तास द्या. त्यांनी दार लावलं. मग मी वाकलेली पानं जोडीजोडीनं घेतली, पोटाला पोट लावून. कारखान्यात वाकडा पुठ्ठा आला की आमी असाच सरळ करतो. फकस्त वर वजन पायजे. दुकानात सगळी खेळनी हलकीफुलकी. मी इकडंतिकडं बघितलं आन मालकांना म्हनलं, बसा ह्या पानांवर. त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मी एका खुर्चीवर दोन लिवायच्या पाट्यांच्या मदी पानांची चवड ठेवली आन परत म्हनलं, बसा. मालक चांगले जाडजूड हैत. बसले बिचारे, अर्धा तास, हालू नका म्हनलं तर हालले न्हाईत. मॅडमनी आमाला चहा दिला.

पानं अगदी सरळ झाली न्हाईत, पन खेळन्याजोगी झाली. आता एका छताचा फुगवटा वर, दुसऱ्याचा खाली, असं आलटून पालटून लावायला घेतलं. घाई केली न्हाई. पाच. सहा. मेंढरू आलं, दोन भिंती लावल्या. आठव्याला कुत्रं आलं, डाव्या हातानं लावलं. मॅडम गुडघ्यावर बसून बघाय लागल्या. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हातातलं सामान तसंच ठेवून जवळ आली. अकरावा मजला बसला तवा माज्या पाठीवरनं घामाची धार गेली, त्या थंडीत.

बारावं छत माज्या हातात हुतं. तवाच मॅडमनी मान वर करून इचारलं, "सुचलं कुणाला हे?"

मी तोंड उघडायच्या आत मालक बोलले. "घरीच सुचलं. मुलांना घेऊन बसलो होतो एका रविवारी."

मला तितंच रडू आलं असतं. रागाचं रडू. गिळलं ते. हातातलं पान मी मालकांच्या फुडं धरलं.

"मग शेवटचं तुमीच लावा, मालक."

ते म्हनाले, तुम्हीच लावा की मावशी, एवढं केलंय तर. मी हात मागं घेतला न्हाई. मॅडमबी म्हनाल्या, लावा ना, तुमचाच खेळ आहे. मग काय करतील? पान घेतलं. हात तसाच अधांतरी फुडं नेला. श्वास कसा धरायचा, मनगट कुटं टेकायचं, कायच ठावं न्हाई. पानाची कड भिंतीला लागली आन आख्खं घर टेबलावर लोळलं. एक पान मॅडमच्या मांडीवर जाऊन पडलं.

कुनी हसलं न्हाई. मालक जिमिनीकडं बघत हुते. मला खरं तर त्यांची कीव आली, पन कीव आली म्हनून मी गप बसनार नव्हते. मी पानं गोळा केली, चवड सरळ केली.

"मॅडम, बारा मजले मी परत लावते. दोनदा लावते. पन आदी डब्यावर नाव."

मॅडमनी मालकांकडं बघितलं, मग माज्याकडं. गल्ल्यावरचा मार्करपेन आनला आन माज्या हातात दिला. मी चौथीपातूर शिकले, अक्षर वाईट न्हाई. छापलेल्या नावावर एक रेघ मारली, त्याच्या खाली माजं लिवलं. त्यांनी आडनाव इचारलं. मी म्हनलं, पगाराच्या कागदावर नवऱ्याचं हाय, खोलीच्या कागदावर नवऱ्याचं हाय, हितं नुसतं माजं ऱ्हाऊ द्या. मग डबा मालकांच्या हातात दिला.

"वाचा. मोठ्यानं वाचा."

मालकांनी घसा खाकरला. "खेळाची कल्पना," ते म्हनाले आन थांबले. मग म्हनाले, "सुलाबाई."

चौदा वर्सं मी त्यांच्याकडं कामाला हाय. मावशी, ए बाई, अहो त्या कडेच्या, असं सगळं ऐकलं. माजं नाव त्यांच्या तोंडातनं त्या दिवशी पयल्यांदा आलं. मला लय बरं वाटलं, लपवून काय करू. मी त्यांना जरा बाजूला सरकायला सांगितलं, पान मधोमध दुमडलं आन पयली भिंत हुबी केली.