धात्याच्या माथी खापर

आमच्या गावात दोषी माणूस कधी सापडत नाही. ग्रह सापडतात, संवत्सर सापडतं, कलियुग तर कायम दारात बसलेलंच असतं. मी महादेवाचा गुरव, मुंजाजी. देवाला रोज अंघोळ घालतो, बेल वाहतो. देवाबद्दल माझी काही तक्रार नाही. माणसांची मात्र मला शिसारी आली आहे, आणि ती मी लपवतही नाही.

गाव जिंतूरकडच्या डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर माणिकराव पाटलांच्या मालकीचा. त्याच्या पोटातून एक झिरा निघतो, खाली दगडी कुंडात पडतो, आणि त्या कुंडावर अख्खं गाव जगतं, कारण गावातल्या विहिरी माघातच तळ दाखवतात. वर साग, धावडा, मोह, बेल असं दाट रान होतं. पाटलांनी डोंगराचा खालचा निम्मा भाग चंद्रभान नावाच्या कोळशाच्या गुत्तेदाराला झाडतोडीच्या ठेक्यानं दिला. भट्ट्या लागल्या. कोळसा गाड्या भरभरून परभणी स्टेशनावर आणि तिथून हैदराबादेला जायला लागला. बेल आणायला मला पार वरच्या रानापर्यंत चढावं लागे. झिऱ्याची धार आधी मनगटाएवढी होती ती करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी. हे सगळ्यांना दिसत होतं. मी एकट्यानं काही दुर्बीण लावली नव्हती.

त्या साली पाडव्याला बन्सीधर जोशांनी मारुतीच्या पारावर पंचांग वाचलं. ते ऐकल्याशिवाय आमच्याकडे कुणी औताला हात लावत नाही. "नवं संवत्सर धाता," जोशी म्हणाले आणि म्हाताऱ्यांच्या अंगावर काटा आला. साठ संवत्सरांचं चक्र फिरून पुन्हा तिथंच आलं होतं. मागचा धाता म्हणजे तो मोठा दुष्काळ, माणसांनी झाडपाला खाल्लेला.

"मागल्या धात्यात झालं तेच आता होणार," जोशी म्हणाले. "काळाचं चाक आहे. त्याला कोण अडवणार?"

आणि खरंच मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. आषाढात झिरा थांबला. आयुष्यात पहिल्यांदा मी झिऱ्याखालच्या दगडावर कोरडं शेवाळ पाहिलं. कुंडात गुडघाभर पाणी उरलं. पाटलांनी गाव पारावर जमवलं. शेजारी चंद्रभान गुत्तेदार पान चघळत बसला होता, कारण वरचं रान तोडायचं बोलणं त्याच आठवड्यात पक्कं व्हायचं होतं. ते रान गेलं की झिरा कायमचा गेला, एवढं मला कळत होतं. मी उभा राहिलो.

"पाटील, पाऊस न पडणं धात्याचं असंल, मान्य. पण झिरा का आटला? माझा बाप सांगायचा, मागल्या धात्यात आसपासच्या गावची माणसं ह्याच झिऱ्यावर तगली. तवाबी पाऊस न्हवताच की. तवा वर झाडं होती, आता भट्ट्या हायत. खालचं गेलं ते गेलं. वरलं रान तेवढं राहू द्या."

पाटील हसले. "मुंजाजी, झाडं काय पाणी देतेत व्हय? झाडं पाणी पितेत. तोडल्यानं उलट पाणी वाचलं म्हण की."

लोक हसले. जोशांनी उपरणं सावरलं. "काळापुढं कुऱ्हाड ती केवढी, गुरवा? माणसाच्या हाती एवढं बळ असतं, तर त्यानं पाऊसच नसता का पाडला?"

माना डोलल्या. आसारामचीही डोलली. त्याची दुभती म्हैस तहानेनं मरून आठवडाही झाला नव्हता, आणि हा गडी भट्टीवर लाकडं फोडून आलेल्या हातांनी टाळी देत होता. आपलं मरण आपणच फोडायचं आणि वर मान डोलवायची, ही अक्कल जनावरालाही नसते.

मग ठरलं की देव कोंडायचा. पाऊस अडला की आमच्याकडे महादेवाचा गाभारा पाण्यानं भरतात, पिंड बुडवतात आणि दार लावून घेतात. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो. रीत जुनी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण पाणी कुठलं आणायचं? कुंडातलं, ते शेवटचं गुडघाभर.

"पाटील, प्यायचं पाणी हाय ते," मी म्हणालो.

"देव पावला तर पाण्याला काय तोटा?" पाटील म्हणाले, आणि रांग लागली.

वेशीबाहेरच्या कडूबाईला आणि तिच्या वस्तीतल्या बायांना कुंडाला हात लावायची बंदी. त्या लांब बसून राहायच्या आणि कुणाला दया आली तर त्यांच्या घागरीत पाणी पडायचं. त्या दिवशीही त्या सकाळपासून बसल्या होत्या. समोरून भरल्या घागरी देवळाकडे चालल्या होत्या.

"मायबाप, येक येक घागर आमाला द्या, मंग कोंडा की देव," कडूबाई म्हणाली.

"आधी देव," किशनराव म्हणाला. पाटलाचा हा चुलतभाऊ रांग लावायच्या कामावर होता आणि स्वतःच्या घरी दोन हंडे आधीच पोचवून आला होता.

गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जाण्यासाठी मागच्या भिंतीत गोमुख आहे. त्याला चिंध्या आणि चिखलाचा बोळा मीच मारला. गुरवाचं कामच ते. पिंड बुडाली, दार लागलं, ढोल वाजला. कुंडाच्या तळाला ओला गाळ उरला आणि लोक कोरड्या घशानं, पण मोठ्या समाधानानं घरी गेले.

दिवेलागणीला मी देवळामागं गेलो आणि काठीनं बोळा पाडला. कडूबाईला हाक मारली.

"देवाचं पानी हाय, बाबा. पाप लागंल."

"मला लागू दे. तू घागर धर."

गोमुखाखाली एकेक घागर भरली. बायांनी पदर भिजवून पोरांचे ओठ पुसले. पिंड उघडी पडली असणार, हे मला ठाऊक होतं. त्या क्षणी मला देवाचं काही वाटलं नाही. उलट त्याचीही सुटका केली असंच वाटलं.

पाऊस तिसऱ्या दिवशी आला. आला तो असा, की समोरचं माणूस दिसेना. गाव ढोल घेऊन नाचत होतं आणि मी डोंगराकडं बघत होतो. बोडक्या अंगावरून लाल पाणी सुटलं, मग माती सुटली, मग दगड, बुंधे, भट्ट्यांची राख, सगळं एकदमच खाली आलं.

पाऊस उघडल्यावर वाजतगाजत गाभाऱ्याचं दार उघडलं. आत ठणठणीत कोरडं.

"देव पाणी प्याला!" पाटील ओरडले. नारळ फुटले. आसाराम तर रडायलाच लागला.

तेवढ्यात कुणीतरी धावत आलं. कुंड दिसत नव्हतं. जिथं झिरा होता तिथं चिखलाचा ढीग होता. सगळे जाऊन बघत उभे राहिले. मला वाटलं, आता तरी ह्यांचे डोळे उघडतील. म्हणून मी खरं सांगितलं.

"देव पाणीबिणी न्हाई प्याला. बोळा मी काढला, कडूबाईच्या वस्तीला पाणी दिलं. देव कोरडाच बसला हुता. पाऊस त्याच्या टायमाला आला. आन् हे कुंड बुजलं ते वर झाडं न्हाईत म्हणून. बघा वर मान करून!"

वर कुणीच बघितलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तरीच," जोशी सावकाश म्हणाले. "देवानं पाऊस दिला, पण कोपून दिला."

"ह्या गुरवानंच झिरा बुजिवला!" आसाराम ओरडला. माझ्या पाठीत पहिला दगड त्याचाच बसला.

झाला न्याय. दुष्काळ पाडला काळानं, पाऊस पाडला देवानं, आणि झिरा बुजवला मुंजाजीनं. डोंगराला तर कुणी हातच लावला नव्हता! मला दंड झाला की गाळ एकट्यानं उपसायचा. देवाचा कोप शांत व्हावा म्हणून पाटलांनी देवळावर कळस चढवायचं कबूल केलं, आणि कळसाच्या खर्चासाठी वरचं रान चंद्रभानला दिलं. गावानं पाटलांचा जयजयकार केला.

मी खोरं घेऊन खड्ड्यात उतरलो. दिवसभर उपसायचो, संध्याकाळी सर यायची आणि वरून नवा चिखल उतरायचा. एका सकाळी तळाचा एक दगड ओलसर लागला म्हणून मी वाकून हातानं माती काढत होतो. काठावर आसाराम येऊन थांबला.

"उरक की लवकर, मुंजाजी," तो म्हणाला. "पोरं गढूळ पाणी पिऊन आजारी पडायलीत."

मी वर बघितलं. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. वरच्या रानात त्याला मजुरी लागली होती.