फिकट पिवळं घड्याळ

हे मी लिहिणारच नव्हतो. बारक्या वाचेल आणि माझी सालटी काढेल, ही धास्ती. पण तोच म्हणाला, लिही बिनधास्त, फक्त मला जरा उंच दाखव. तर हा उंचापुरा बारक्या आणि त्याचा जोडीदार, ज्याला सगळे शिडी म्हणतात, दोघं घरं रंगवतात.

रंगकामात अर्धं काम वाट बघायचं. पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा मारायचा नाही. बारक्याचं नेमकं तिथंच घोडं अडतं. त्यात शिडी एक दिवस बहिणीकडे गेलेला, घरमालक मागे लागलेला, आणि एका ओळखीच्यानं पांढऱ्या पावडरीची पुडी हातावर ठेवली. म्हणे, थकवा पळतो.

थकवा पळाला. त्याच्यामागे भूक, तहान, झोप आणि अक्कलही पळाली. सकाळी शिडी आला तर ओल्या रंगावर ओला रंग चढवून भिंतीवरून ओघळ खाली आलेले. बटणं, खिडकीच्या काचा, घड्याळ, मालकाची चप्पल, सगळं फिकट पिवळं. बारक्या स्टुलावर उभा राहून पंख्याची पाती रंगवत होता, दात करकर खात.

"घड्याळ कशाला रंगवलंस रे?"

"फार टिकटिक करत होतं."

शिडीनं घड्याळ कानाला लावलं. बंद होतं. मग त्यानं बारक्याच्या छातीवर हात ठेवला. आतून कुणीतरी दार तोडत होतं, आणि अंग नुसतं भट्टी. शिडीनं त्याला उचलला तो थेट दवाखान्यात.

"काय घेतलं होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"रंगाचा वास चढला, मॅडम."

"वास नाही, पावडर," शिडी म्हणाला.

"गप ना. आईला कळेल."

"तुला चौघांनी घरी नेलं असतं, तर नसतं कळलं?"

बाई म्हणाल्या, "बरं झालं बोललात. मी वासावर उपचार करत बसले असते, आणि इकडे यांचं हृदय दमून थांबलं असतं. त्या पुडीत काय काय कालवतात, विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आता काही दिवस मन खचेल, पुन्हा घ्यावीशी वाटेल. तिथंच माणूस अडकतो."

सलाईन लागलं, छातीतली धडधड उतरली, तसा बारक्या रडवेला झाला.

"परत हात लावणार नाही. आईशप्पथ."

"तिला कशाला मध्ये घेतोस? तो पुडीवाला समोर आला की काय करशील, ते सांग."

बारक्यानं डोळे पुसले.

"तुला फोन लावीन," तो म्हणाला. "आणि तू येईपर्यंत ठेवणार नाही."