शौनकचा नमस्कार

आरतीचं ताट सुयोगच्या हातात होतं आणि दुसरं कडवं चालू होतं, तेवढ्यात आजीच्या मांडीवर बसलेल्या शौनकने दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली.

नंदूकाकांच्या हातातल्या झांजा तिथल्या तिथे थांबल्या. मागोमाग आरतीही विरली. शौनकच्या आईने, मधुवंतीने, फोन काढला, कॅमेरा त्याच्यावर धरला आणि मोठ्याने मोजायला लागली.

"एक..."

शौनकने मान वर केली, आजीकडे पाहिलं, तोंड उघडलं. मग पुन्हा हात जोडले.

"दोन. सुयोग, वेळ बघ. किती वाजले?"

"बारा वीस," सुयोग म्हणाला. ताटातली निरांजनं हलत होती.

तिसऱ्यांदा हात जोडून झाल्यावर शौनकने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीच काही केलं नाही. मग त्याचे हात खाली गेले, आणि खालचा ओठ पुढे आला.

चौदा महिन्यांच्या पोराने गणपतीला नमस्कार केला, तर भांडुपच्या कुठल्याही घरात टाळ्या पडल्या असत्या. या घरात त्या एकदा पडून गेल्या होत्या.

शौनक सहा महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. त्याची दुपारची झोप झाली की सुहासिनीबाई, म्हणजे सुयोगची आई, त्याला घेऊन देव्हाऱ्यासमोर बसायच्या. तिथे तो एकाएकी हात पुढे आणायचा आणि मान झुकवायचा. एकदा नव्हे, लागोपाठ सात-आठ वेळा. घर हरखून गेलं. "मागच्या जन्माचो कोण तरी साधू असतलो," असं म्हणून त्या गहिवरल्या. व्हिडिओ ग्रुपवर गेला, तिथून कणकवलीपर्यंत पोहोचला, आणि मग रोज नव्या व्हिडिओची मागणी यायला लागली. पुढे पोरगं हसेनासं झालं, खुळखुळा वाजवला तरी बघेनासं झालं, तेव्हा कुठे त्याला मुलुंडच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तो व्हिडिओ एकदाच पाहिला.

"हा नमस्कार नाही. ही आकडी आहे. एवढ्या लहान बाळांना ती अशीसुद्धा येते. कधीपासून चालू आहे?"

"आठवडा झाला असेल," मधुवंती म्हणाली.

ग्रुपवरचा पहिला व्हिडिओ सात आठवड्यांपूर्वीचा होता. या आजारात औषधाला जितका उशीर, तितकं मुलाचं पुढचं अवघड, हे डॉक्टरांनी तिला नीट समजावून सांगितलं. बसेल का, बोलेल का, शाळेत जाईल का, हे आज सांगता येणार नाही, असंही सांगितलं. तिने मान हलवली आणि सात आठवड्यांची गोष्ट पोटातच ठेवून घरी आली.

"तुमच्या कौतुकापायी माझ्या मुलाची वाट लागली," दारातच चप्पल न काढता ती सासूला म्हणाली. "आजपासून त्याला नमस्कार शिकवायचा नाही. कुणीच नाही."

 सुहासिनीबाईंकडे उलटून बोलण्यासारखं होतं. त्या पहिल्या व्हिडिओत "अजून एकदा, राजा, अजून एकदा!" म्हणून टाळ्या पिटणारा आवाज मधुवंतीचा होता. सासूने ते कधीही काढलं नाही. मधुवंतीला त्याचाच जास्त राग यायचा.

गोळ्यांनी आकडी थांबली. शौनक मात्र मागे राहिला. अजून तो उशांच्या आधारानेच बसतो. डॉक्टरांकडे दर खेपेला तेच प्रश्न असतात. टाटा करतो का? टाळ्या वाजवतो का? कुणाचं बघून काही करतो का? पाच खेपा मधुवंतीने 'नाही' म्हणून सांगितलं होतं. दर वेळी ते उत्तर द्यायला सुयोग तोंड उघडत नाही, हेही तिच्या लक्षात होतं.

आरती कशीबशी पुरी झाली. तिने व्हिडिओ डॉक्टरांना पाठवला आणि प्रसाद वाटताना दर मिनिटाला फोन बघत राहिली. परत सुरू झालं असेल तर? परत रुग्णालय, परत डोक्याला त्या तारा? तासाभराने उत्तर आलं.

'काळजी करू नका. हे झटके नाहीत. तो मान वर करून आजीकडे बघतोय, काहीतरी मिळायची वाट बघतोय. हा खरा नमस्कार आहे. छान! कुणी शिकवला?'

तिने तो मजकूर तीनदा वाचला आणि बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, पोटभर रडली. मग तोंड धुऊन स्वयंपाकघरात गेली.

सुहासिनीबाई संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी मोदक वळत होत्या. समोर गूळखोबऱ्याच्या सारणाची परात होती, आणि शेजारी उशांना टेकून शौनक. मधुवंती दिवसभर ऑफिसला असते. दुपारी घरात या दोघांशिवाय कुणी नसतं.

"आई, याला नमस्कार तुम्ही शिकवलात?"

तिला खरं तर वेगळ्या आवाजात विचारायचं होतं. पण सहा महिन्यांत सासूशी बोलायचा जो आवाज तयार झाला होता, तोच बाहेर आला.

सुहासिनीबाईंच्या हातातली पारी फाटली.

"नाय गो. मी कशाक शिकवतंय? तू नको म्हटलंस ना, मग मी तेचो हातसुद्धा धरूक नाय."

"आई, मी ओरडत नाहीये. डॉक्टर म्हणाल्या..."

"डॉक्टर काय पण म्हणांदेत. मी शिकवूक नाय." त्यांनी पिठाच्या हाताने गळ्याला चिमटी लावली. "बाप्पा बसलो हा भायर. तेची शप्पथ."

उपास मोडला तर आठवडाभर हळहळणारी ती बाई. शपथ घेऊन झाल्यावर त्यांनी बाहेरच्या खोलीच्या दिशेने घाईघाईने हात जोडले, डोळे मिटले.

ते बघून शौनकने हात जोडले. मान खाली घातली, वर केली, आणि आजीकडे बघत तोंड उघडलं. नजर मात्र गुळाच्या परातीकडे वळत होती, नमस्कारानंतरचा घास ठरलेलाच असल्यासारखी.

दोघींनीही ते पाहिलं.

"भूक लागली आसतली तेका," असं म्हणून सुहासिनीबाईंनी परात स्वतःकडे ओढली आणि खाली मान घालून नवी पारी वळायला घेतली.

मधुवंती खाली वाकली. गुळाचा एक कण बोटावर घेऊन तिने हात पुढे केला, तोवर त्याने तोंड मिटून घेतलं होतं.